बाबुश कंपाउंडरचा जबाब

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाबुश फर्नांडिस लष्करी इस्पितळात औषधं कालवायला शिकला आणि लढाई संपल्यावर तारकर्लीच्या अलीकडच्या आपल्या वाडीत परतला. गावकऱ्यांनी वर्गणी काढून तिथे दवाखाना उभा केला होता. डॉक्टर मालवणाहून सोमवारी आणि शुक्रवारी येत. एरवी दवाखाना म्हणजे बाबुशच. तो पाणी उकळून गाळून घेई, तराजूची पारडी रोज पुशी, मिश्रणाच्या बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवी. दमट हवेत पाघळलेली पूड त्याने कधी कुणाला दिली नाही. माडाखाली खड्डा खणून पुरून टाकी.

सत्तावन सालच्या फाल्गुनात किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढणारा विठोबा दवाखान्यात आला. खोकला होता आणि खांदा आखडला होता. डॉक्टरांनी एक औषध प्यायचं दिलं, एक चोळायचं. चोळायच्या औषधात बचनागाचा विषारी अर्क होता. बाटल्या रोग्यानेच आणायची तेव्हा रीत. विठोबाने आणलेल्या दोन्ही अगदी सारख्या होत्या. चोळायचं औषध निळ्या, खरखरीत बाटलीत द्यायचा नियम बाबुशला ठाऊक होता. पण त्या बाटल्या महिन्यापूर्वीच संपल्या होत्या आणि मागवायच्या राहून गेल्या होत्या. बाहेर माणसं ताटकळत होती. त्याने एका बाटलीवर लाल शाईने ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ अशी चिठ्ठी डकवली, कुठली कशाची ते घाईघाईत सांगितलं आणि पुढच्याला हाक मारली.

विठोबाला वाचता येत नव्हतं. त्याची बायको पार्वती, तिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, पार्वतीने नवऱ्याला औषध पाजलं. थोड्याच वेळात त्याची जीभ बधिर झाली, हातपाय गार पडत गेले. दिवस मावळायच्या आत विठोबा गेला. निरोप मिळताच मालवणाहून डॉक्टर आले, त्यांनी बाटली हुंगली आणि चोळायचं औषध पोटात गेल्याचं सांगितलं. वाडीत लगेच कुजबुज सुरू झाली, "बायलेनच वीख घातल्यान!"

सकाळी पंचनाम्याला हवालदार आला. त्याआधी दवाखान्याच्या समितीचे अध्यक्ष दाजी बाबुशला विहिरीकडे घेऊन गेले.

"तू चिठ्ठी लावलंस मां? मगे तुझो गुन्हो कसलो? चूक तिच्या हातान झाली. तू गप रव. दवाखानो बंद पडलो तर लोकांनी जावचा खंय?"

दाजी खोटं बोलत नव्हते, हेच बाबुशला जड गेलं. खरोखरच दवाखाना बंद पडला असता.  पण विठोबाच्या ओसरीत आल्यावर त्याची नजर पार्वतीवर गेली. ती खांबाला टेकून बसली होती, आणि वाडीतली एकही बाई तिच्या जवळ बसलेली नव्हती.

"हवालदारसाहेब, माझा जबाब लिहून घ्या," तो म्हणाला. "विषारी औषध मी साध्या बाटलीत दिलं. निळ्या बाटल्या मी मागवल्या नव्हत्या. वाचता न येणाऱ्या माणसाच्या हातात मी चिठ्ठी दिली. बाईंचा यात दोष नाही."

मग तो पार्वतीपुढे उकिडवा बसला. "वयनी, ती चूक माझी. तुझी नाय."

पार्वतीने वर पाहिलं नाही. "मिया माझ्या हातान पाजलंय," एवढंच म्हणाली.

रत्नागिरीहून तपासनीस आला, औषधांच्या कपाटाला सील लागलं. सहा महिने बाबुश घरी बसला. तापाची माणसं डोलीतून मालवणला न्यावी लागली, तेव्हा काहींनी त्याच्या दारावरून जाताना तोंड फिरवलं. दाजींनी वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याने कुणालाच उलट उत्तर दिलं नाही.

शेवटी ताकीद देऊन तपासनीसाने सील काढलं. दवाखाना उघडायच्या आदल्या दिवशी पार्वती आली. हातात गाठी मारलेली काथ्याची सुंभं होती.

"बाबुशभाऊ, लाल नि काळां अक्षर माका एकच. पण गाठ माझ्या हाताक कळता. वीख आसात त्या बाटलेच्या गळ्याक ह्यां बांध."

त्या दिवसापासून नियम ठरला. चोळायचं औषध निळ्या बाटलीतच, गळ्याला गाठीचं सुंभ बांधूनच. निळी बाटली नसेल तर रोगी कितीही रागावो, औषध मिळायचं नाही. घेणाऱ्याने कुठलं कशाचं ते स्वतःच्या तोंडाने परत सांगितल्याखेरीज बाबुश बाटली हातातून सोडत नसे. पुढे तपासनीस फेरीवर आला तेव्हा सुंभाला हात लावून त्याने विचारलं, "हे कुणी शिकवलं?" बाबुशने पार्वतीचं नाव सांगितलं.

पार्वतीने मात्र त्यानंतर कुणालाही औषध पाजलं नाही. सून घरात नसली तर नातवंडाचा डोस चुकला तरी चाले. चौसष्ट साली सून माहेरी असताना धाकट्या नातीला ताप भरला आणि पार्वती तिला कडेवर घेऊन दवाखान्यात आली.

"तू पाज," ती बाबुशला म्हणाली.

बाबुशने बाटली आणि चमचा तिच्यापुढे ठेवला. "रातीक परत देवचा लागतला, वयनी. तेव्हा मी खंय आसतलंय? तू ओत. मी हयच आसंय."

बाहेर लोक खोळंबले होते. त्याने कुणाला हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने पार्वतीने बूच काढलं. पहिल्या चमच्यातलं थोडं औषध सांडलं. बाबुशने तिचा हात धरला नाही. तिने चमचा पुन्हा भरला आणि पोरीच्या तोंडाला लावला.