मालकांना मी परस्पर 'जी' म्हणून बसलो

मंडळी, आज माझ्या हातून मोठी चूक झाली.

मी आणि बायको स्नेहा, दोघंही लखनऊच्या चौक बाजारात एकाच चिकनकारी कपड्यांच्या दुकानात कामाला आहोत. बाळ दोन महिन्यांचं आहे. स्नेहाची बाळंतपणाची रजा अजून चार महिने बाकी आहे.

सकाळी मालक म्हणाले, "भैया, सोमवार से स्नेहा को भेज दीजिए, वरना दूसरी लड़की रख लें?"

इथल्या सवयीने मी अदबीने म्हणालो, "जी, बिल्कुल भेज देंगे."

दुपारी त्यांनी स्नेहाला मेसेज केला, 'आपके पति मान गए हैं.'

रात्री जेवायला घरी गेलो. बाळाला पाजता पाजता ती म्हणाली, "रजा माझी होती ना रे?"

आता शब्द मागे घ्यावा, तर माझीही नोकरी त्यांच्याच हातात आहे. उद्या दुकानात शिरल्यावर पहिलं वाक्य काय बोलू?