सात वेळा पडलेली मुलगी

आमच्या स्केटिंगच्या सरांनी माझ्या मुलीला फसवलं. राज्य स्पर्धेतली एकटीनं खेळायची जागा रियाला देतो, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. पंधरा दिवसांत ती जागा जूचंद्र गावातल्या एका मुलीला गेली, कारण तिचे व्हिडिओ गावभर फिरत होते.

ही मुलगी तेरा वर्षांची, काटकुळी. उडी घ्यायच्या आधी स्केटचं पुढचं रबर दोनदा जमिनीवर आपटायची आणि स्वतःलाच म्हणायची, "चल गो." पडली की गुडघा झटकून, "काय नाय, परत." अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. कौतुक वाटतं, पण ती आपली नसतात हे खुपतं.

सकाळी रिंकवर दव असतं. आम्ही पालक गोणपाटानं फरशी पुसायचो. ही स्वतः पुसायची, रियाच्या वाटणीचीही. मला तेसुद्धा सहन व्हायचं नाही.

तिची आई विचारायची, "दादा, पोर पान्यावर चालल्यासारी चालते ना?"

"चालते. बुडते पण," मी म्हणायचो. ती बिचारी हसायची. रिया हिच्याआधी दोन वर्षं शिकत होती आणि तिला हिच्यासारखी हवेत दोन गिरक्यांची उडी अजून येत नव्हती.

सर रोज हिचा व्हिडिओ टाकायचे. "आज नवीन काहीतरी दाखव, लोक वाट बघतात." पडलेल्या उड्या कापायच्या, जमलेली तेवढी ठेवायची. एकदा तिनं मला विचारलं, "काका, कालचा कमी लोकांनी बघितला. माझं काय चुकलं?"

"कंटाळले असतील तुला," मी म्हणालो. तेरा वर्षांच्या मुलीला. दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास आधी येऊ लागली.

गोखिवऱ्यात मी जुनी मशिनं घेतो, विकतो. शून्यातून उभा राहिलो. घेताना माझी रीत एकच, मालातली खोट चारचौघांत मोठ्यानं दाखवायची. समोरचा आपोआप नरमतो. तीच रीत मी रिंकवर वापरली. एका सकाळी तिचा घोटा सुजला होता, वर पट्टी होती, आणि सर म्हणत होते, "एकदाच, शेवटची." अशा शेवटच्या सात झाल्या. सातही वेळा ती पडली. मी सगळं मोबाइलवर घेतलं, पालकांच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "ही आपली निवड?"

सरांनी निवड बदलावी, एवढंच मला हवं होतं. संध्याकाळपर्यंत ग्रुपमधल्या कोणीतरी त्या व्हिडिओला विनोदी गाणं लावून तो बाहेर सोडला. तिच्या शाळेतली मुलं ती दिसली की धपकन खाली बसून दाखवू लागली.

पुढच्या सकाळी ती आली, पण स्केट घातले नाहीत. कठड्यावर बसून रियाला म्हणाली, "माझं पडनंच सगळ्यात जास्त लोकांनी बघितलं गो." आणि हसली. त्यानंतर ती रिंकवर आली नाही.

जागा रियाला मिळाली. रिया म्हणाली, "पप्पा, आधी तिला आणा. मग मी खेळते."

मी जूचंद्रला गेलो. तिच्या आईनं बसायला सांगितलं, पाणी दिलं. आतल्या खोलीचं दार बंद होतं. "पोर भायेर येतच नाय. तो विडिओ कोनी काढला, दादा?"

मी सांगितलं. तिनं माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. अर्धा भरलेला होता.

घरी येऊन ग्रुपवर तेच लिहिलं, की व्हिडिओ मी काढला. सगळ्यांनी वाचलं, उत्तर कोणी दिलं नाही. म्हणून इथे उघड लिहून विचारतो. सर, सुजलेल्या पायावर सातव्यांदा तिला कोणी उभं केलं? आणि ग्रुपमधल्या ज्यानं ते गाणं लावलं, तो कोण? दोघांनी जूचंद्रला जायचं. त्या बंद दारासमोर उभं राहून आपापलं नाव सांगायचं. मी सांगून आलोय.