धनवंताचा मेंढीकोट

"तुझी जोडीदार बांगड्या वाजवते, दादा," खुमेंद्र ओसरीवर भावाला सांगत होता. "एकदा वाजली का इस्पिकची मेंढी, दोनदा वाजली का बदामची. आमी का आंधरे आहो?"

दादाची जोडीदार म्हणजे खुमेंद्रची स्वतःचीच बायको, धनवंता. ती दाराआड पाण्याचा गडवा घेऊन उभी. आता भासरे, म्हणजे मोठे दीर, याला चांगला झापतील, म्हणून ती थांबली.

दादानं, म्हणजे रूपलालनं, तोंडातला तंबाखूचा खर्रा या गालातून त्या गालात केला. "वाजवत असन बा. मले का मालूम," तो म्हणाला. "पत्त्यासाठी कायले भांडून राहिला?"

धनवंतानं गडवा तिथंच ठेवला. पाणी कोणाला दिलं नाही.

ही नव्व्याण्णव सालची गोष्ट, चिचगडची. धान घरात आलं की दुपारी जेवणं झाल्यावर चौघं चटईवर बसत. दोन भाऊ, दोन जावा. मेंढी म्हणजे पत्त्यातली दश्शी. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या पकडल्या ती जिंकली, चारही पकडल्या तर समोरच्यांवर कोट. नवराबायको एका जोडीत नको, ते डोळ्यांनी बोलतात, असा सासऱ्यानं घालून दिलेला नियम. म्हणून धनवंता भासऱ्याची जोडीदार. आणि भासऱ्याशी धाकट्या भावाच्या बायकोनं बोलायचं नाही, ही तर जुनी रीत. तोंडावर पदर, हातात पत्ते. घरातली सगळ्यात इमानदार जोडी हीच, असं सासरा मरेपर्यंत म्हणत होता. तो गेला, आणि ही जोडी हरेना, तेव्हा खुमेंद्रला बांगड्या ऐकू यायला लागल्या.

बांगड्या काढून खेळावं तर नवरा जिता. धनवंतानं दुसऱ्या दिवशी दुपट्टा फाडून दोन्ही मनगटांना गुंडाळला आणि येऊन बसली.

"हे का सोंग?" खुमेंद्र म्हणाला.

"थंडी वाजते," ती म्हणाली. चैत्र होता.

त्या दिवशी तिनं नवऱ्यावर दोन कोट चढवले.

बारा वर्षं ती दुपट्टा बांधून खेळली. राग कमी झाला नाही, भाताच्या पेजेसारखा जाड होत गेला. नवऱ्यावर होताच, पण तो हरणारा माणूस, हरणारा बोलतोच. भासऱ्यावरचा राग निराळा. तो समोर बसत होता. ती पानं मोजते, कोणतं पडलं, कोणाच्या हातात काय उरलं, हे त्याला दिसत होतं. एक शब्द त्यानं टाकला असता तर तिचं नाव साफ झालं असतं. आणि ती त्याला विचारूही शकत नव्हती.

मग मुलाचं लग्न होऊन घरात सून आली, रुचि. पहिल्याच महिन्यात चटईशेजारी बसून तिनं विचारलं, "आई, हात काऊन झाकता?"

खुमेंद्र हसला. "तुही सासू पत्त्यातली चोट्टी आहे."

सुनेसमोर.

धनवंतानं पुढचं पान टाकलं. डाव पुढं गेला. दोन दोन पानं उरली तेव्हा तिनं आपली पानं चटईवर उताणी टाकली आणि मनगटावरचा दुपट्टा सोडला.

"तुमच्याजवर किलवरची मेंढी आन् चौकटची सत्ती," ती नवऱ्याला म्हणाली. "बाईजवर बदामची राणी, चौकटचा गुलाम. दाखवा."

बाई म्हणजे मोठी जाऊ भूमेश्वरी, खुमेंद्रची जोडीदार. तिनं आधी दाखवली. बरोबर होती. खुमेंद्रनं दाखवली नाहीत, तर भूमेश्वरीनंच त्याच्या हातातून ओढली.

"तुमचे पत्ते मले कोनं बांगडी वाजवून सांगतले?" धनवंतानं विचारलं.

खुमेंद्र पानं गोळा करू लागला.

मग तिनं पदर मागं सारला आणि समोर बघितलं. भासऱ्याला काय म्हणून हाक मारायची हेच तिला माहीत नव्हतं, इतक्या वर्षांत गरजच पडली नव्हती. "तुमी सांगा," ती म्हणाली. "मी कधी इशारा केला?"

रूपलालनं पानं चटईवर ठेवली. "नाही केला. मले पयल्यापासून मालूम होता."

"मंग बारा वर्षं काऊन गप्प होते?"

"भाऊ तुटला असता."

"आन् मी?"

"चुकलं माझं," तो हळू म्हणाला. भूमेश्वरीनं नवऱ्याला पुढं महिनाभर ताटात भाजी कमीच वाढली, एवढं खरं.

धनवंताचं नाव साफ झालं, पण राग गेला नाही. उशिरा दिलेलं पाणी तहानेला लागतं, जिवाला नाही लागत. ती पुन्हा त्याच्यासमोर बसली नाही. रुचिला जोडीदार केलं, पानं मोजायला शिकवली. भासऱ्याशी मात्र ती आता बोलायची, तेही तुटक. "उन्हात बसू नका." "गोळी घेतली का?"

त्याला शुगर होती. गोळ्या देवरीला मिळत. दर महिन्याला बसनं जाऊन ती आणायची. दुसऱ्या कोणी आणल्या तर चुकीच्या आणतील म्हणायची.

दोन हजार चौदाच्या पौषातही ती गोळ्या आणायला गेली, ती शेवटची खेप. छातीत दुखतं असं सकाळी रुचिला म्हणाली होती, पण बस चुकवली नाही. परत आली, पायांवर पाणी घेतलं, गोळ्यांचं पाकीट भासऱ्याच्या हातात दिलं.

"सकाळची जेवनाआधी," ती म्हणाली, आणि चुलीवर भात ठेवला का ते भूमेश्वरीला विचारायला आत गेली.