मधुकररावांच्या शब्दावर उघडलेलं गेट

मधुकरराव खासनीस जन्मात कधी स्वस्थ बसले नाहीत. बसले असते तर फार बरं झालं असतं, असं त्यांच्या पत्नीला, सरोजिनीबाईंना, शेवटी शेवटी वाटायला लागलं होतं.

कोरेगावच्या एका शाळामास्तरांचा हा मुलगा. पुण्याला शिकून इंजिनिअर झाला, परळच्या गिरणीत लागला, लढाईच्या दिवसांत दारूगोळ्याच्या कारखान्यात राबला आणि पुढे नगरकडे साखर कारखाना उभा करायला गेला. तिथून एका शेठजींनी त्यांना उचलून ठाणे-बेलापूर रस्त्यावर आणलं. तेव्हा तिथे खाडी, खाजण आणि भाताची खाचरं, एवढंच होतं. शेठजींना तारेचा कारखाना काढायचा होता. मधुकरराव जर्मनीला जाऊन मशिनं घेऊन आले, त्यांच्या पायाचं काँक्रीट गमबूट घालून स्वतः ओतून घेतलं. बोटाएवढी सळई एका बाजूने आत जायची आणि दुसरीकडून सुतळीसारखी बारीक तार होऊन बाहेर यायची. ते बघायला पहिल्या दिवशी आसपासची गावं लोटली होती.

ज्यांची खाचरं कारखान्याखाली गेली, त्यांची मुलं मधुकररावांनी कामावर घेतली. गोवर्धन म्हात्रे त्यातलाच. आला तेव्हा त्याला पाना कसा धरतात हेही ठाऊक नव्हतं. मधुकररावांनी त्याला शिव्या घालून घालून फिटर केला. त्यांच्या शिव्यांना कारखान्यात मान होता, कारण शिवी घातलेल्या माणसाच्या घरी आजारपण निघालं की साहेबांची गाडी दारात उभी राहायची. मॅनेजर झाले, डायरेक्टर झाले, तरी त्यांच्या शर्टाच्या बाहीवरचा ग्रीसचा डाग काही गेला नाही.

शहात्तर साली ते निवृत्त झाले आणि वाशीला फ्लॅट घेऊन राहिले. आता तरी बाबा शांत होतील, असं मुलीला वाटलं. कसले शांत! सोसायटीचे चेअरमन होऊन त्यांनी पाण्याचा पंप तीनदा उघडला, दोनदा बिघडवला, आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली तर पंप बनवणाऱ्याच्या अकलेवर भाषण दिलं. जीव मात्र सगळा कारखान्यात. दर खंडेनवमीला कंपनीची गाडी त्यांना न्यायला यायची. यंत्रांची पूजा त्यांच्या हातून व्हायची, नारळ त्यांनीच फोडायचा, असा म्हाताऱ्या शेठजींचा दंडक होता.

शेठजी वारले आणि त्यांचा मुलगा, धाकटे शेठ, गादीवर बसले. पगारवाढीवरून बोलणी फिसकटली आणि चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला धाकट्या शेठनी कारखान्याला टाळं ठोकलं. कामगारांनी गेटासमोर मांडव घातला. आतला खिळासुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढा एकच त्यांचा निश्चय होता. मशिनं आत आहेत तोवर मालकाला कधीतरी गेट उघडावंच लागेल, हा त्यांचा हिशेब. पाळ्या लावून ते बसत. पावसाळा गेला. गोवर्धनच्या बायकोने माशांची पाटी डोक्यावर घेतली. मधुकररावांना जेवण जाईना. मरायच्या आधी ती मशिनं एकदा चालू झालेली ऐकायचीत, दुसरं काही नको, असं ते सरोजिनीबाईंना रोज सांगत. रोज ऐकून त्या बिचाऱ्या कंटाळल्या होत्या.

आणि खंडेनवमीच्या आधी धाकट्या शेठचा फोन आला. आवाज अगदी लोण्यासारखा. म्हणाले, काका, झालं गेलं विसरू या. पूजा तुमच्याच हातून होऊ दे, दसरा झाला की कारखाना सुरू करू. एवढे महिने बंद पडलेल्या मशिनांची लेव्हल मात्र पुन्हा बघायला लागेल, ते तुमच्याशिवाय कोण करणार? शेवटच्या वाक्याने मधुकरराव विरघळले. त्या क्षणी ते सत्तरीचे राहिले नाहीत. सरोजिनीबाईंनी विचारलंसुद्धा, की हे लेखी का देत नाहीत. तर त्यांच्यावरच खेकसले, की त्याच्या बापाने मला कधी लेखी दिलं नाही आणि कधी फसवलंही नाही.

बसने ते कारखान्यावर गेले. मांडवातल्या लोकांना समजावलं. काहींनी खळखळ केली, पण गोवर्धन उभा राहिला आणि म्हणाला, साहेबांनी सांगितलं म्हणजे झालं. गेट उघडलं. मधुकररावांनी माणसं लावून मशिनं पुसून घेतली, तेल घातलं आणि पायाचे बोल्ट सैल करून ठेवायला सांगितले. दसरा झाल्यावर लेव्हल बघून पुन्हा आवळायचे होते. खंडेनवमीला झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला. मांडव आता कशाला, सणासुदीला घरी जा, असंही तेच म्हणाले. बायकापोरांत दसरा करायला माणसं आपापल्या गावी गेली. इतक्या दिवसांनी त्यांच्या घरांत हसणं ऐकू आलं असेल.

दसऱ्याच्या दिवशी भर दुपारी ट्रेलर आले, क्रेन आली, सोबत बंदोबस्त आला. सैल केलेली मशिनं उचलायला कितीसा वेळ लागणार! लोकांना कळून ते धावत येईपर्यंत शेड रिकामी झाली होती. मशिनं गुजरातेत गेली, तिकडे शेठनी नवा कारखाना कधीचा बांधून ठेवला होता. मधुकररावांनी फोन लावला तेव्हा शेठ घरी नाहीत असं सांगण्यात आलं. पुन्हा लावला, तेव्हाही तेच.

संध्याकाळी गोवर्धन वाशीला आला. सरोजिनीबाईंनी बस म्हटलं, पाणी विचारलं, तरी तो दारातच उभा राहिला. मधुकररावांनी मान वर केली नाही. आता हा चार शब्द बोलेल, बोलू दे, निदान तेवढं तरी आपल्या वाट्याला येऊ दे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. गोवर्धनचा आवाज मात्र चढला नाही.

"साहेब, येकच सांगा. तुमाला म्हाईत होता का?"

हो म्हणावं तर हरामखोर ठरणार होते. नाही म्हणावं, तर ज्या कारखान्याचा एकेक बोल्ट आपल्याला माहीत, असं ते जन्मभर सांगत आले, त्यातलं आपल्याला काहीच कळलं नाही हे कबूल करायचं होतं.

"नव्हतं रे," ते म्हणाले.

गोवर्धनने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरल्यासारखा वाटला.

"मंग बरा. पोरा लय भडकल्यान. मी त्यांना सांगतो, साहेब आपल्यातलंच हायेत. त्यांना पन कोन काय सांगत नाय."

असं म्हणून तो वाकून त्यांच्या पाया पडला आणि जिना उतरून गेला. मधुकरराव त्यानंतर चार वर्षं जगले. सोसायटीचा पंप दोनदा बंद पडला, तेव्हा शेजाऱ्यांनी बाहेरून माणूस आणला.