रुळेल हो, जरा वाजू द्या!

पिरंगुटला पौड रस्त्यावर माझं आणि सलीमभाईचं दुकान आहे. घरगुती स्पीकर, ॲम्प्लिफायर, होम थिएटर. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर गाणी ऐकत मजेत बसतो. कसलं काय! आम्ही ऐकतो ते फोन. आणि फोनवर एकच घोर, "नवीन स्पीकर घेतलाय, पण आवाज मोकळा होत नाहीये. रुळायला किती वेळ लागतो हो?"

नवी चप्पल आधी चावते, मग सैलावते. तसा स्पीकरही वाजून वाजून सुधारतो, अशी अर्ध्या गिऱ्हाइकांची श्रद्धा आहे. सलीमभाई म्हणतो, "आतलं रबर थोडंफार सैल होतं, तेवढंच. बाकी मनाचे खेळ." मी मधला. कुणी विचारलं की म्हणतो, "रुळेल हो, जरा वाजू द्या!" या एका वाक्याने जे काही घडवून ठेवलंय, ते सांगायला बसलो की चहा गार होतो.

*

साठेसाहेब हिंजवडीत आयटीत. कासार आंबोलीला त्यांचा वीकेंडचा बंगला. तिथे त्यांनी कमरेएवढे उंच स्पीकर बसवून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी फोन. "आवाज टोचतोय हो, झोप उडालीय माझी!"

मी आपलं नेहमीचं वाक्य टाकलं.

साहेबांनी नेटवर वाचून उपाय काढला. सोमवारी निघताना गाण्याऐवजी नुसता सूंऽऽ असा आवाज लावून ठेवला, बंगल्याला कुलूप घातलं आणि गेले ऑफिसला.

दुपारी भर मीटिंगमध्ये शेजारच्या दगडूकाकांचा फोन. "सायेब, तुमच्या घरात पाईप फुटलाय! पानी नुसतं धो धो चाललंय!"

साहेब खुर्चीतून उठलेच. खाली लाकडी फ्लोअरिंग! "काका, मेन व्हॉल्व्ह बंद करा!"

"केला. टाकीचा बी केला. तरी चालूच हाय!"

"मग पाणी येतंय कुठून?"

"त्येच तर कळंना! जिमिनीतनं येतंय का काय!"

साहेब मीटिंग टाकून निघाले. पोचले तेव्हा काका पहार घेऊन दाराशी उभे. साहेबांनी कुलूप काढलं. आत फ्लोअरिंग ठणठणीत कोरडं, आणि स्पीकर इमानेइतबारे सूंऽऽ करतायत.

काकांनी जरा वेळ कान देऊन ऐकलं. मग विचारलं, "ह्ये ऐकायला घेतलंय व्हय?"

*

हा दुसरा किस्सा आठवला की अजून घाम फुटतो. उरवड्याचा महेश, तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर. एके सकाळी त्याचा फोन, अगदी शांत आवाजात. "दादा, ॲम्प्लिफायरचा वास येतोय. रुळताना येतो ना थोडा?"

"कसला वास?"

"जळल्यासारखा."

"अरे बंद कर आधी!"

"तेच विचारायचं होतं. मध्येच बंद केला तर रुळणं पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?"

"महेश, बटण बंद कर! प्लग काढ!"

"मी कामावर आहे ना दादा. आईने फोन करून सांगितलं वासाचं. आता तीच फोन उचलत नाहीये. झोपली असेल तिथेच."

मी आणि सलीमभाई गाडीत बसलो. उरवड्याचा रस्ता तो केवढा, पण त्या दिवशी संपेचना. पुढे एक ट्रॅक्टर. सलीमभाई सारखा हॉर्न दाबतोय.

दार उघडंच होतं. आत धूर नाही, पण वास होता. मावशी, म्हणजे महेशची आई, परसात धुणं वाळत घालत होत्या. मी धावत जाऊन प्लग ओढला. ॲम्प्लिफायरची गरम हवा जिथून बाहेर पडते, नेमकी तिथे मावशींनी क्रोशाने विणलेला रुमाल चौघडी घालून अंथरला होता. मधोमध तांबूस पडलेला.

"धूळ बसू नये म्हनून झाकलं," मावशी म्हणाल्या. "महेश म्हनला व्हता, नवीन हाय, जपायला लागतंय."

मी उंबऱ्यावरच बसलो. मावशींनी रुमाल उलटून बघितला आणि म्हणाल्या, "बरं झालं, ह्यो रोजचा टाकला. चांगल्यातला जळाला असता!"

*

सलीमभाई सगळ्यांना 'मनाचे खेळ' सांगतो ना? त्याने स्वतः घरी नवे स्पीकर नेले, त्या आठवड्यातली गोष्ट.

त्याच्या बायकोचा, शबानावहिनींचा, पौडहून मला फोन. आवाज एकदम खाली. "भाऊजी, यांना काही सांगू नका. पण आमच्या कपाटात कोणीतरी बोलतंय."

"कपाटात?"

"कुजबुज येते. मी जवळ गेले तर हे म्हणाले, कपाट उघडू नकोस! भाऊजी, यांना काही त्रास तर नाही ना?"

मीही घाबरलो. आधीचे दोन दिवस सलीमभाई दुकानात गप्प गप्प होता, हे मला तेव्हा आठवलं. त्याला काही न बोलता मी पौड गाठलं. वहिनींनी हळूच कपाट उघडलं. आत दोन स्पीकर समोरासमोर तोंड करून ठेवलेले, आवाज दबावा म्हणून वरून दोन गोधड्या, आणि आत बातम्या चालू!

परत येऊन विचारलं, "काय रे, मनाचे खेळ ना?"

सलीमभाई फडक्याने काउंटर पुसत राहिला. मग म्हणाला, "गिऱ्हाइकाला एक सांगायचं असतं. घरी रिस्क कशाला घ्यायची?"

*

कासारसाईचे अण्णा. शेती सांभाळून राहिलेला सत्तरीतला माणूस. त्यांच्या बायकोला, पारूकाकूंना, बऱ्याच वर्षांपासून ऐकू येत नव्हतं, म्हणून घरातला टीव्ही गावभर ऐकू जायचा. मुलीने काकूंना कानाचं मशीन आणून दिलं, आणि अण्णा थेट आमच्या दुकानात.

"ह्ये कानाचं मशीन तुमच्या स्पीकरवानी रुळतं का रं?"

"तसंच समजा. कानाला सवय झाली की हळूहळू जास्त कळायला लागतं."

अण्णांचा चेहरा उतरला. "किती जास्त?"

मला वाटलं, काकूंची काळजी. मी धीर दिला, "छान ऐकू येईल अण्णा, अगदी पुटपुटलेलंसुद्धा!"

अण्णा मटकन स्टुलावर बसले. सलीमभाईने पाणी दिलं. दोन घोट घेऊन अण्णा म्हणाले, "तिला ऐकू येत न्हाई म्हनून इतकी वर्सं मी तिच्या तोंडावर काय बी बोलत आलोय. जेवताना, चहा घेताना. लई वंगाळ सवय लागली. आता ती जायाची कशी?"

त्यानंतर अण्णांचा रोज फोन. "आज तिनं कुकरची शिट्टी ऐकली." "आज चिमणी ऐकली." आम्हाला आनंद, आणि तिकडे अण्णांचा आवाज दिवसेंदिवस बारीक. घरात बोलणंच बंद केलं म्हणे त्यांनी.

शेवटी काकूंनीच आम्हाला बोलावलं, टीव्हीचा आवाज खाली आणून द्यायला. काम झालं, चहा आला. अण्णांनी घोट घेतला आणि सवयीने तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "साखर टाकाया हात मोडला का हिचा."

बोलले आणि गोठलेच. कप तसाच हवेत. सलीमभाई छताकडे बघायला लागला.

काकूंनी नेहमीसारखं अण्णांच्या ओठांकडे बघत कानातलं मशीन नीट बसवलं, साखरेचा डबा अण्णांपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "आवाज तेवढा नवीन हाय. शिव्या सगळ्या जुन्याच हायेत."