पाण्याखालची किन्हवली

आमच्या गावचा एक पोरगा कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकांत पर्यटकांना पाण्याखाली फिरवतो. तिथल्या जागांना त्याने आपल्या इकडच्या गावांचीच नावं दिलीत. माशांची जत्रा भरते तो म्हसा, खडक एकदम खोल उतरतो तो कसारा.

सुट्टीवर आला की आमच्या किन्हवलीच्या स्टँडवर उतरतो आणि माझ्या दुकानासमोर, हातातल्या घड्याळाकडे बघत, तीन मिनिटं नुसता उभा राहतो. घरी आई वाट बघत असते! याला घरी जायचंच नाही की काय, असं वाटून माझा जीव खालीवर व्हायचा. यंदा विचारलंच.

“काका, खालून एकदम वर नाय यायचं. वरच्या पाण्यात तीन मिनटं थांबायचं, नायतर जिवावर बेततं. त्या थांब्याला मी किन्हवली बोलतो.”

हुश्श झालं. आता तो उभा दिसला की मीच त्याच्या आईला फोन लावतो, “वहिनी, पोरगा तीन मिनिटांत वर येतोय.”