गुळवेलीला आवतन

माझा देवावर विश्वास होता की नुसताच धाक होता, हे पत्नीच्या आजारपणात मला कळेनासं झालं. तिच्या यकृताचा कर्करोग फार पसरला होता. आता त्रास कमी करायचा, एवढंच हाती आहे, असं नागपुरातल्या डॉक्टरांनी उन्हाळा लागतानाच सांगितलं. मी ते ऐकलं, पण मानलं नाही. स्वभावच हट्टी. घरच्या दत्तापुढे बसलो, गुरुवारचे उपास धरले. पण खरं सांगतो, ती प्रार्थना नव्हती, भांडण होतं.

त्याच सुमारास मी काढ्यांच्या मागे लागलो. गुळवेल, भुईआवळा, काडेचिराईत. कुणी काही सांगावं आणि मी ते शोधून आणावं. सकाळ-संध्याकाळ उकळून, गाळून वाटी तिच्या ओठांना लावायचो. डॉक्टरांना यातलं काही सांगितलं नव्हतं. ती मुकाट्याने प्यायची आणि बहुतेकदा ओकून टाकायची. मग मी चिडायचो, "मनापासून घेतच नाही तू, म्हणून लागू पडून नाही राहिलं." मरणाच्या दारात असलेल्या बाईला मी असं बोललो. आजही आठवलं की मान खाली जाते.

अशाच एका गुरुवारी धरमपेठेतल्या देवळातून बाहेर पडलो. पायरीपाशी एक म्हातारी गोणपाटावर मुळ्या आणि साली मांडून बसली होती. कडुनिंबावर चढलेली गुळवेल औषधाला जास्त चांगली म्हणतात, ती मी मागितली.

"आज नाही भाऊ," ती म्हणाली. "आज सांजेले वेलीले आवतन देईन, तांदूळ वाहीन. उद्या सकाळी तोडीन, मंग घेऊन जा."

मी आधीच घाईत. वेलीला कसलं आमंत्रण देता, म्हणून खेकसलो.

"काहून नाही? तिच्यातबी जीव हाये. तोडाच्या आधी तिले पुसा लागते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कोणासाठी पाहिजे?"

"बायकोसाठी."

"तिले पुसलं?"

तिने टोमणा मारला नव्हता. सहज विचारलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला हिरडे द्यायला वळलीसुद्धा. मी तिथेच पायरीवर बसलो आणि चारचौघांत रडलो.

घरी येऊन पत्नीच्या खाटेजवळ बसलो. "काढा नको वाटते का वं तुले?"

"नकोच वाटते जी. पण तुम्ही रागावसान, म्हणून पिऊन घेत होती."

"मंग काय पाहिजे?"

"वाळ्याचं पाणी. अन् तुम्ही जरासे इथं बसा."

डॉक्टरांना फोन करून काढ्यांचं सगळं कबूल केलं. त्यांनी चांगलंच खडसावलं. पाणी घोट घोट चालेल म्हणाले. वाळ्याची जुडी धुऊन माठात सोडली. चमच्याने पाजलं तेव्हा तिने डोळे मिटून आधी वास घेतला. कळमेश्वरला माहेरी उन्हाळ्यात दाराला वाळ्याचे पडदे लावायचे, त्यावर पाणी शिंपडायचं काम तिचं असायचं, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

मग रोज सकाळी विचारू लागलो. कधी म्हणे, पाय चोळून द्या. कधी म्हणे, आज भेटायला कोणाले येऊ देऊ नका. शेवटच्या सकाळी म्हणाली, "आज दत्तापुढं माझ्यासाठी काही मागू नका." मी हात जोडून नुसता उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच काही न मागता उभा राहिलो होतो. दुपारी, माझा हात धरूनच, ती गेली.

पुढे त्या म्हातारीला शोधत गेलो. ती तिथेच होती. मला ओळखलं नाही. पाया पडलो तर बिचारी गडबडून गेली. तिच्या तोंडून कोण बोललं, या वादात मी पडत नाही. मी बरं होणं मागितलं होतं, ते मिळालं नाही, आणि ते दुःख अजून तसंच आहे. फक्त भांडण संपलं.

एकतीस वर्षं संसार केला. त्यातले शेवटचे तेरा दिवस मी तिचं ऐकलं. तेवढे तरी दिलेस, देवा.